चर्चमधला कीबोर्डवाला फेमस झाला, तर त्याची 'साक्ष' बिघडते का?

भिंगारचा_बाप
नमस्कार मंडळी. (मंडळी म्हणजे तुम्ही सगळे. आमची चर्चची मंडळी वेगळी, आणि सध्या तिच्यामुळेच हा धागा काढावा लागतोय.)

आमचे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर होते. रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे. त्या पेटीच्या भात्याला भोक पडलं तेव्हा त्यांनी सायकलच्या पंक्चरचं रबर चिकटवलं होतं, ते अजून तसंच आहे. माझ्या मुलाने सहाव्या वर्षी ती पेटी उघडली. आता तो चोवीस वर्षांचा आहे आणि कीबोर्ड वाजवतो. गेल्या वर्षी एका मोठ्या गायकाने त्याला आपल्या वाद्यवृंदात घेतलं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, मध्ये एकदा दुबई. कार्यक्रम अभंगाने उघडतो, मग भावगीतं, शेवटी लावणी आणि कोळीगीतं.

यंदाच्या दिवाळी पहाटेची एक क्लिप फिरली. अभंगाच्या मध्ये चिरंजीव डोळे मिटून तीन मिनिटं वाजवतायत आणि आजीने दिलेला क्रूस शर्टाबाहेर आलाय. खाली कुणीतरी लिहिलं, 'गळ्यात क्रॉस, बोटांत विठ्ठल'. दोन दिवसांत ती क्लिप आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

वडीलजनांनी (मंडळीचा कारभार पाहणारी ज्येष्ठ माणसं) बोलावलं. आवाज कुणीच चढवला नाही, चहा झाला, बिस्किटं झाली. 'भाऊ, साक्ष बिघडते. संडेस्कूलची पोरं त्याच्याकडे बघतात,' एवढंच म्हणाले. (साक्ष म्हणजे आमच्या भाषेत, माणसाच्या वागण्यातून लोकांना दिसणारा त्याचा विश्वास.) त्याने तूर्त उपासनेत वाजवू नये, नाताळनंतर पाहू, असं ठरलं. पोरगा 'बरं' म्हणाला. त्या 'बरं'चीच मला काळजी वाटतेय.

कॉलेजात असताना माझ्याकडे एमी ग्रँटच्या कॅसेट होत्या. ही बाई चर्चची गाणी गात मोठी झाली. १९९१ साली तिचं साधं प्रेमगीत अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, आणि आपल्याच लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते गाणं तिला सुचलं होतं स्वतःच्या तान्ह्या मुलीवरून! तेव्हा मला त्या लोकांचं हसू आलं होतं. आता पाळी घरात आली.

तर प्रश्न असा. ख्रिस्ती कलाकार चारचौघांत नावाजला गेला, की त्याने विश्वासाचं चांगलं उदाहरण घालून द्यायचं म्हणजे नेमकं करायचं काय? धर्मातल्या-बाहेरच्या सगळ्यांनी लिहा. फक्त धर्मांतर, मिशनरी वगैरे विषय कृपया इथे नकोत.

चकली_बंडल
शेवटचं वाक्य टाकलंत ना, आता तेच विषय येणार. जागा पकडून बसलो आहे.

वसईचा_वारा
आमच्याकडे कॅथलिकांत हा प्रश्न निघतच नाही हो. वसईत शनिवारी रात्री लग्नात बँड वाजवणारा रविवारी सकाळी मिस्साला (आमच्या उपासनेला) कॉयरमध्ये उभा असतो. डोळे लाल असतात, पण सूर पक्का. फादरना सगळं माहीत असतं. ते फक्त विचारतात, 'आलास ना? मग हो उभा.'

तुमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत सगळ्याच गोष्टीची सभा भरते, असं माझं निरीक्षण आहे. हलके घ्या.

भिंगारचा_बाप
हलके घेतले. सभेचं मात्र खरं आहे. आमच्याकडे सतरंजी बदलायलाही सभा लागते.

कडक_इस्त्री
मी स्वतः विश्वासू (म्हणजे श्रद्धावान ख्रिस्ती) आहे, आमच्या चर्चमध्ये आराधनेचं बघतो. कडू वाटलं तरी लिहितो.

प्रश्न लावणीचा नाही, कोळीगीताचाही नाही. ती गाणी आहेत, वाजवा. प्रश्न अभंगाचा आहे, कारण अभंग ही प्रार्थना आहे. ती कुणाला उद्देशून आहे हे गाणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचा मुलगा त्यात मनापासून सामील असेल, तर त्याच्या विश्वासाचं काय? आणि नुसता पैशासाठी डोळे मिटत असेल, तर तो समोर हात जोडून बसलेल्या वारकऱ्याला फसवतोय. दोन्हीकडून अडचण.

उदाहरणच हवं तर अमेरिकन गायक कीथ ग्रीनचं घ्या. या माणसाला धर्मबाह्य संगीतात नाव काढायचं होतं. विश्वासात आल्यावर त्याने कार्यक्रमाचं तिकीट लावणं सोडलं आणि १९८० साली एक अख्खा अल्बम 'जमेल तेवढे द्या, नसतील तर तसाच घ्या' म्हणून वाटला. १९८२ मध्ये विमान कोसळून गेला, वय २८. प्रसिद्धीचं काय करायचं, ते त्याने असं करून दाखवलं.

तुमच्या वडीलजनांनी चहा दिला, बिस्किटं दिली. मी असतो तर बिस्किटं दिली नसती.

चकली_बंडल
आयडी सार्थ केलात.

पखवाजी
मी माळकरी. घरात चार पिढ्यांची वारी आहे. कडक_इस्त्री यांच्याशी मी सहमत आहे आणि हे टंकताना माझं मलाच हसू येतंय.

अभंग म्हणजे स्टेजवरचा ओपनिंग आयटम नव्हे. हल्ली प्रत्येक ऑर्केस्ट्रा अभंगाने सुरू करतो, कारण त्याने टाळी लवकर पडते. पुढे दोन तासांनी त्याच स्टेजवर शिट्ट्या. यात ख्रिस्ती कीबोर्डवाल्याचा काय दोष? दोष ज्याने कार्यक्रमाची यादी बांधली त्याचा. पण 'मनातून तो तिथे आहे का' हा प्रश्न बरोबर आहे. मात्र तो फक्त ख्रिश्चन पोरालाच का विचारायचा? माझ्या ओळखीचे निम्मे पखवाजवाले गळ्यात माळ घालून काय काय करतात ते मला विचारा.

त्या मुलाची क्लिप मी शोधून पाहिली. (गळ्यातला क्रॉस लगेच सापडला.) तिसऱ्या मिनिटाला तो गायकाची जागा संपायची वाट बघतो, मध्ये घुसत नाही. असा संयम आमच्या दिंडीतसुद्धा दुर्मीळ आहे. तो पोरगा ऐकतोय. मला तेवढं पुरतं.

काळीदोन
पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात आहे, म्हणून चार ओळी लिहितो. धर्माने हिंदू, नाइटच्या (म्हणजे कार्यक्रमाच्या) दिवशी नास्तिक.

स्टेजवर वाजवणारी विश्वासू माणसं मी बरीच पाहिली. त्यांतली दोन सांगतो, नावं नाहीत.

पहिला बेस गिटारवाला. साउंडचेकला चारची वेळ दिली, की हा पावणेचारला केबल गुंडाळत बसलेला. नवीन पोरगं आलं की त्याला कॉर्ड्स हाताने लिहून द्यायचा, निळ्या पेनने, शाळेच्या वहीच्या कागदावर. देवाबिवाचं एक अक्षर बोलायचा नाही. आठ वर्षं बरोबर वाजवल्यावर एकदा शुक्रवारची तारीख आली, दुप्पट पाकिटाची. हा म्हणाला, 'त्या दिवशी गुड फ्रायडे आहे, मी येणार नाही.' तेव्हा आम्हाला कळलं की हा नुसता नावाचा नाही. त्याने बदली माणूसही स्वतःच शोधून दिला.

दुसरा स्वतःचा ग्रुप चालवायचा. गाणं संपलं की दोन्ही हात वर, माइकवर 'सगळं श्रेय देवाचं'. पब्लिक खूश. देवाचं श्रेय त्याने जागच्या जागी चुकतं केलं. आमचे दोन नाइटचे पैसे मात्र अजून यायचेत.

आता साक्ष कुणाची बिघडली ते तुमच्या वडीलजनांना विचारा.

टोरांटोची_मावशी
काळीदोन, तुमची ती देवाच्या श्रेयाची ओळ माझ्या नवऱ्याला वाचून दाखवली. तो अकाउंटंट आहे, त्याला फार आवडली.

भिंगारचे भाऊ, तुम्ही विचारताय तो प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या चर्चमध्ये शंभर वर्षं उकळतोय. सिस्टर रोझेटा थार्प घ्या. आर्कान्सामध्ये जन्म, आई चर्चमध्ये प्रचार करायची, मुलगी लहानपणापासून गिटार घेऊन देवाची गाणी गायची. १९३८ साली ही न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गेली आणि तीच चर्चची गाणी दारू पिणाऱ्या लोकांसमोर गाऊ लागली. चर्चमधल्या बऱ्याच जणांनी तोंड फिरवलं. १९५१ मध्ये तिने वॉशिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये स्वतःचं लग्न लावलं. हजारो लोक तिकीट काढून आले आणि लग्नानंतर नवरीने गिटार वाजवली! ज्याला पुढे रॉक अँड रोल म्हणू लागले, ते हिच्या बोटांतून आधीच निघालं होतं. १९७३ मध्ये गेली, तर कित्येक वर्षं कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. २०१८ मध्ये रॉकवाल्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये तिला जागा मिळाली.

त्याच काळातली महालिया जॅक्सन बरोबर उलट. नाइटक्लबमध्ये गाणार नाही, ब्लूज गाणार नाही, कितीही पैसे द्या. पण म्हणून ती चर्चमध्ये कोंडून बसली नाही. १९५० साली कार्नेगी हॉल, १९५८ मध्ये न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव. गाणी तीच देवाची, दालन मोठं. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात मार्टिन ल्यूथर किंगच्या आधी ती गायली, आणि त्यांचं भाषण चालू असताना मागून ओरडली, त्यांना स्वप्नाचं सांगा. पुढचं जगाला माहीत आहे.

दोघींत खरी विश्वासू कोण? मला विचाराल तर मी रोझेटाच्या बाजूने आहे, कारण तिला शिव्या जास्त पडल्या.

सौ_शहाणी
मावशी, शिव्या जास्त पडल्या म्हणून बाजू घ्यायची, हे काही पटलं नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही शिव्या पडतात.

टोरांटोची_मावशी
तो गिटार वाजवतो का?

मडगावकर
गोंयकारांशिवाय हा धागा पुरा कसा होणार? लिहितोच.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळेत स्वरलिपी शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे. शिकवायचे ते मिस्सासाठी. पण पोट काही मिस्साने भरत नाही. मग तीच पोरं मुंबईला गेली, हॉटेलांत जॅझ वाजवलं आणि तिथून हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. तुम्ही ज्यांना शंकर-जयकिशन किंवा सी. रामचंद्र म्हणून ओळखता, त्यांच्या मागच्या खुर्च्यांवर आमचे लोक होते.

मुंबईत ही माणसं धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडीत राहायची. कूड म्हणजे गावाचा क्लब. भिंतीला रांगेने ट्रंका, रात्री ट्रंकेपुढेच वळकटी. समोर गावच्या संताची वेदी. संध्याकाळी ठरल्या वेळेला सगळ्यांनी गुडघे टेकून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची, न म्हणणाऱ्याला दंड. माझे एक दूरचे काका ट्रम्पेटवाले होते. ते सांगायचे, 'रोझरी संपली की बो टाय लावायचा आणि हॉटेलात पळायचं. गुडघ्याची धूळ झटकायला वेळ नसायचा.' पँटच्या गुडघ्यावर पांढरे डाग घेऊनच ते साहेबांना नाचवायचे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. प्यारेलालना व्हायोलिन त्यांनी शिकवलं. १९७७ च्या सिनेमात अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते शिष्याने गुरूला दिलेलं. अख्ख्या देशाने नाव गायलं, आणि माणूस मात्र गावी परतून शांतपणे राहिला. २०१२ मध्ये गेले तेव्हा बऱ्याच लोकांना कळलं, की अरे, हा खराच माणूस होता!

त्यांना कुणी 'साक्ष' विचारली नाही, कारण ते अंधारात बसून वाजवायचे. तुमच्या पोराचा गुन्हा एवढाच, की त्याच्यावर लाइट पडला.

भिंगारचा_बाप
मडगावकर, शेवटचं वाक्य रात्री मुलाला पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. चोवीस वर्षांच्या पोराकडून अंगठा म्हणजे पुष्कळ.

ओंकार_२००१
मी लहान आहे या धाग्यासाठी, पण रॉक ऐकतो. एव्हनेसन्सचं बघा की. २००३ मध्ये त्यांचा पहिला मोठा अल्बम ख्रिस्ती दुकानांतही विकला जात होता. मग मुलाखतीत बँडवाले म्हणाले, आम्हाला ख्रिस्ती बँड म्हणू नका. कंपनीने त्या दुकानांतून सगळा माल परत बोलावला. म्हणजे गाणी तीच, फक्त लेबल काढलं की पाप?

आणि बॉब डिलन! १९७९ मध्ये विश्वासात आला आणि सॅन फ्रान्सिस्कोला ओळीने चौदा कार्यक्रम केले. जुनं एक गाणं नाही, सगळी देवाची. लोक तिकिटाचे पैसे परत मागत होते. म्हणजे धर्म सोडला तरी बोंब, धरला तरी बोंब.

चकली_बंडल
लिटल रिचर्डला विसरलात. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना 'आता देवाची सेवा' म्हणून अंगठी पाण्यात फेकली, बायबल कॉलेजात गेला आणि पाच वर्षांत पुन्हा रॉक अँड रोलमध्ये हजर. माझा प्रश्न एवढाच, ती अंगठी कुणाला सापडली?

सौ_शहाणी
भिंगारकर, त्या 'बरं'ची काळजी मलाही वाटतेय. माझा भाऊ असाच 'बरं' म्हणाला होता, आमच्याच एका सांस्कृतिक मंडळाने नाटकातल्या भूमिकेवरून बोल लावला तेव्हा. देवाचा काही संबंध नव्हता, पण पुढे तो गणपतीत मांडवात यायचाच बंद झाला. बाहेरच्यांचं बोलणं माणूस विसरतो, घरच्यांचं नाही. मुलाशी बोला. क्लिपवर नको, दुसऱ्या कशावर तरी बोला.

सोनचाफा
मराठीची शिक्षिका होते, निवृत्त आहे. सगळे अमेरिकेला जाऊन आलात, जरा नगरलाच थांबा ना. धागालेखकाच्याच गावात.

ना. वा. टिळक. 'केवढे हे क्रौर्य' शाळेत पाठ केलं असेल सगळ्यांनी. वर्गात मी विचारायचे, हा कवी कोण? 'फुलामुलांचे कवी' म्हणून पोरं ओरडायची. ख्रिस्ती होते हे शंभरात दोघांना माहीत. म्हणजे आजच्या भाषेत, मुख्य प्रवाहात गेलेला ख्रिस्ती कलाकार! १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते कवी म्हणून आधीच नावाजलेले होते. पुढे चर्चसाठी लिहिलं ते कुठल्या साच्यात? अभंग, ओवी, पदं. धागालेखक, तुमच्या 'उपासना संगीता'त त्यांची किती गाणी आहेत ते तुम्ही माझ्याहून चांगलं सांगाल. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतः सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. पगार बंद, दार सगळ्यांना उघडं.

अर्थात घरात या माणसाबरोबर राहणं काय होतं ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. हाताला लागेल ते दुसऱ्याला देऊन मोकळे. उदाहरण घालून देणाऱ्याच्या बायकोलाही कुणीतरी विचारावं, अशी माझी नम्र सूचना.

तर अभंगाच्या चालीवर तुमच्या मंडळीत शंभर वर्षं प्रार्थना चालली आहे. कीबोर्डवाल्याने मूळ अभंगाला साथ केली तर एकदम परकं झालं?

कडक_इस्त्री
सोनचाफाताई, साचा आणि आशय यात फरक आहे. टिळकांनी साचा घेतला, आत ख्रिस्त ठेवला. या मुलाने तसं काही केलेलं नाही. पण लक्ष्मीबाईंचा मुद्दा घरी वाचून दाखवला. बायको म्हणाली, 'ऐकलंत?' त्यानंतर मी विषय बदलला.

रेवती_कोची
नोकरीनिमित्त बारा वर्षं केरळात आहे. येसुदास यांचं नाव अजून कसं आलं नाही? फोर्ट कोचीच्या लॅटिन कॅथलिक घरातले. मराठी माणूस त्यांना 'चितचोर'च्या गाण्यांमुळे ओळखतो. इथे शबरीमलाला रात्री मंदिर बंद होताना त्यांच्याच आवाजातलं स्तोत्र लागतं. वाढदिवसाला वर्षानुवर्षं कोल्लूरच्या मूकांबिकेला जाऊन गायले. तरी गुरुवायूरच्या मंदिरात त्यांना प्रवेश नाही, कारण जन्माने हिंदू नाहीत. आवाज आत, माणूस बाहेर.

आणि उलटंही झालंय. २०१८ मध्ये काही कर्नाटकी गायकांनी येशूवरच्या रचना गायल्या, गाणार होते, म्हणून त्यांना धमक्या आल्या. एकाने कार्यक्रमातून माघार घेतली. गायक टी. एम. कृष्णा यांनी जाहीर केलं, की मी आता दर महिन्याला येशूवर किंवा अल्लावर एक कर्नाटकी रचना काढणार. वडीलजन सगळ्या धर्मांत असतात, एवढंच सांगायचं होतं.

पखवाजी
'आवाज आत, माणूस बाहेर'. आमच्या चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे. इथे थांबतो.

वसईचा_वारा
अवांतर: काळीदोन, हल्ली नाइटचा भाव काय चाललाय? भाचा ऑक्टोपॅड शिकतोय.

काळीदोन
भाच्याला सांगा, आधी ढोलकी शीक. ऑक्टोपॅडवर ढोलकीचा आवाज निघतो, ढोलकीवाल्याचा हात निघत नाही. भावाचं इथे नको, संपर्कातून विचारा.

संपादक_मंडळ
ऑक्टोपॅडसाठी वेगळा धागा काढावा. विषयाला धरून लिहावे ही विनंती.

टोरांटोची_मावशी
विषयाला धरूनच लिहिते. भाऊ, तुम्हाला बाप म्हणून दोन बापांच्या गोष्टी.

सॅम कुक. वडील पाळक, मुलगा सोल स्टिरर्स या चर्चच्या गायकसंचातला लाडका आवाज. १९५६ मध्ये त्याने पहिलं प्रेमगीत काढलं ते डेल कुक या खोट्या नावाने, चर्चवाले चिडतील म्हणून. पण आवाज कसा लपणार? सगळ्यांनी ओळखला. पुढच्या वर्षी खऱ्या नावाने गायला आणि पहिल्या नंबरवर गेला. वडिलांनी त्याला अडवलं नाही असं सांगतात. देवाने आवाज दिलाय तो लोकांना आनंद द्यायला, असं काहीसं म्हणाले म्हणे.

दुसरी अरीथा फ्रँकलिन. वडील डेट्रॉइटचे नामांकित पाळक. मुलगी सोल संगीताची राणी झाली. १९७२ च्या जानेवारीत ती लॉस एंजेलिसच्या एका साध्या चर्चमध्ये दोन रात्री फक्त देवाची गाणी गायली. तो अल्बम तिचा सर्वांत जास्त खपलेला. त्याचं चित्रीकरण पुढे सिनेमा म्हणून आलं, जरूर बघा. एका रात्री वडील उठून बोलतात. त्यांचं म्हणणं असं, की लोक विचारतात अरीथा चर्चमध्ये परत आली का, तर ती चर्च सोडून कधी गेलीच नव्हती. मग ती पियानोवर बसते आणि ते पुढे होऊन रुमालाने तिच्या चेहऱ्यावरचा घाम पुसतात. सोलची राणी तोंड पुढे करून लहान मुलीसारखी बसलेली. मी ते दृश्य चार वेळा मागे घेऊन पाहिलं.

भिंगारचा_बाप
मावशी, काय लिहू. रुमाल शोधतोय.

कडक_इस्त्री
माझं मत बदललेलं नाही, पण एक लिहायचं राहिलं. मोठ्या नावाच्या विश्वासू कलाकारांवर मी फार चिडायचो. एमी ग्रँटचा १९९९ मध्ये घटस्फोट झाला, पुढच्या वर्षी दुसरं लग्न. तेव्हा मी तिची सीडी चक्क फेकून दिली होती. काही ख्रिस्ती रेडिओंनीही तिची गाणी थांबवली. त्याच वर्षी आमच्या चर्चमधल्या एकाचाही संसार मोडला होता. त्याला आम्ही जेवायला बोलावलं, त्याच्याबरोबर प्रार्थना केली. तो तबला वाजवायचा, वाजवत राहिला. तो ओळखीचा होता, ती सीडीवरची होती. हे मला काल रात्री सुचलं.

अभंगाबद्दलचं मत कायम आहे.

चकली_बंडल
सीडी परत विकत घेतलीत का?

कडक_इस्त्री
मोबाइलवर ऐकतो. इस्त्री करताना.

ओंकार_२००१
😂 आयडीचं रहस्य उलगडलं

काळीदोन
धागालेखकाच्या मूळ प्रश्नावर माझं शेवटचं. तो इंग्रज गायक क्लिफ रिचर्ड, लखनौला जन्मलेला. १९६६ मध्ये त्याने लंडनला अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहॅमच्या सभेत आपण ख्रिस्ती असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो गाणं सोडून शाळेत धर्म शिकवायच्या विचारात होता. मग राहिला गाण्यातच. गाणं सोडलं असतं तर एक बरा मास्तर झाला असता, एवढंच.

पोराला सांगा, पावणेचारला केबल गुंडाळत बसायचं.

भिंगारचा_बाप
(२६ डिसेंबर)
धागा वर काढतोय. पुढे काय झालं ते सांगायला.

सौ_शहाणींचं ऐकलं. मुलाशी क्लिपवर बोललोच नाही. आजोबांची पेटी काढली आणि दोघांनी मिळून भाता उघडला. पंक्चरचं रबर आता दगडासारखं झालंय, पण सुटत नाही. ते सोडवता सोडवता तो म्हणाला, 'बाबा, अभंग वाजवताना मला आजोबांची भजनं ऐकू येतात. मी काय करू?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्क्रू ड्रायव्हर दिला.

वडीलजनांचा निर्णय काही बदलला नव्हता. पण २४ तारखेला रात्री नऊला पाळकांचा फोन. उपासनेत वाजवणारे काका तापाने आडवे झाले होते. 'पोरगा मोकळा आहे का?' पोरगा सांगलीत होता, कार्यक्रम चालू. मी निरोप ठेवला. साडेअकराला त्याचा मेसेज आला, 'निघालो.' रात्रभर टेम्पोत, साउंडच्या खोक्यांवर बसून आला. पहाटे सहाला चर्चच्या दारात. कपड्यांची बॅग दुसऱ्या गाडीत गेलेली, त्यामुळे अंगात लावणीच्या वेळचं टिकल्यांचं जाकीट. जांभळं.

तसाच जाऊन कीबोर्डवर बसला. पहिल्या बाकावर तेच वडील, ज्यांनी साक्षीचा विषय काढला होता. त्यांनी जाकिटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठून त्याच्यापाशी गेले. माझा श्वास अडकला.

म्हणाले, 'आवाज वाढव. मागे बायकांना ऐकू येत नाही.'

सोनचाफा
पहिलं गाणं कुठलं वाजवलं?

भिंगारचा_बाप
टिळकांचंच. अभंग होता.

पखवाजी
🙏

चकली_बंडल
जाकिटाचा फोटो टाका.

भिंगारचा_बाप
जाकीट बायकोने बादलीत भिजत घातलं. टिकल्या सुटून आल्यात, आता मोरीच्या जाळीतून वेचतोय. पोरगा झोपलाय. परवा कोल्हापूर आहे.